हात पुढे कर

सोलापूर,
११ डिसेंबर १९७५

प्रिय फुला,

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हणून परवा तुझं कार्डही आलं, ‘गिरिजे, जिवंत आहेस ना, की फळ्यापुढे उभी राहून राहून झिजलीस?’ जिवंत आहे बाई. रागावले होते म्हणून लिहीत नव्हते. अजूनही रागावलेलीच आहे, आणि त्यातला निम्मा राग तुझ्यावर आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तू गोंधळणार नाहीस. तू लिहिलंस की तुझ्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची आहे, तेव्हा सोलापुरात तुझे उपक्रम कसे चालले ते एका पानात लिहून पाठव, छापायला देते. एका पानात! अगं, लिहायला बसले की पहिल्याच ओळीला कागद फाडून टाकायची. आज मात्र पूर्ण लिहिणार आहे. तुला अहवाल हवाय ना, मग घे.

पुस्तिका शाळेत आली तेव्हा मी केवढी मिरवले होते, तुला काय सांगू! ‘दांडगाई व व्यसन प्रतिबंध : सोपे शालेय उपक्रम’, आणि खाली तुझं नाव, मुख्याध्यापिका, श्रीपूर. शिक्षकांच्या खोलीत ज्याला त्याला दाखवत सुटले. म्हटलं, ही माझी मैत्रीण, इथल्या अध्यापिका विद्यालयात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. सांगोल्याकडच्या माळावरची मेंढपाळाची लेक, आज साखर कारखान्याच्या वसाहतीत शाळा चालवते. आपण दोघी ‘हितं’, ‘तितं’ बोलायचो म्हणून त्या शहरी पोरी खिदळायच्या, आणि तू मुद्दाम आणखी मोठ्यानं ‘व्हय, हितंच हाय की’ म्हणायचीस, तेसुद्धा सांगितलं. सगळे हसले. आमचे मुख्याध्यापक हिंदुराव सर मात्र हसले नाहीत. ते यंदाच साताऱ्याकडून बदलून आलेत, शिस्तीचे मोठे भोक्ते, आणि सध्या तर जिकडेतिकडे शिस्तीचंच वारं आहे. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, चष्मा सावरला आणि म्हणाले, ‘वा, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. तपासणीच्या आत करून टाकू.’ करून टाकू! जणू भिंतींना चुना मारायचा होता.

तुझा पहिला उपक्रम असा, की मोठ्या वर्गातल्या मुलांनी लहानांचे ‘दादा’ व्हायचं, त्यांना कुणी छळू नये म्हणून सांभाळायचं. दुसरा, रोज फळ्यावर एक घोषणा लिहायची. आणि तिसरा, सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या बोटांचा वास घ्यायचा, म्हणजे बिडी कोण ओढतो, तंबाखू कोण मळतो ते कळतं. साहित्य काही नाही, खर्च काही नाही. हिंदुराव सरांना तो तिसराच सगळ्यात आवडला. शिवाय त्यांनी डोकं लढवून पहिला आणि तिसरा एकत्र केला. एवढ्या पोरांचे हात मास्तरांनी कशाला हुंगत बसायचं, दादांनीच हुंगावेत! लहानांना सांभाळायला नेमलेल्या पोरांच्या हाती एकदम फौजदारकी आली. मी तेव्हाच म्हटलं, सर, पुस्तिकेत तसं नाही. ते म्हणाले, ‘बाई, असं करू नये असंही पुस्तिकेत कुठं लिहिलंय?’

आता पहिल्या दिवसाचं ऐक. मिलचा भोंगा झाला, प्रार्थना झाली, आणि रामहरी नावाचा आठवीतला दांडगट पोरगा ओळीपुढे उभा राहून ओरडला, ‘हात पुढे कर!’ आणि एकेकाच्या बोटांना नाक लावत निघाला. फुला, पाहता पाहता लिंबाच्या झाडाखाली वेगळी रांग उभी राहिली. त्यात पहिलीतली शेंबडी पोरं, फ्रॉकातल्या पोरी, ज्यांना बिडी कुठल्या टोकाला पेटवतात तेही ठाऊक नसेल अशी लेकरं. मी जाऊन बघते तर सगळी आमच्या शाळेमागच्या गल्लीतली. तुला हे गाव सोडून वर्षं झाली, पण एवढं आठवत असेल, की त्या गल्लीत बाप मागावर चादरी विणतो आणि आई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते. पानं कापायची, तंबाखू भरायचा, वळून दोरा बांधायचा आणि तोंडं दुमडायची. तोंडं दुमडायचं काम पोरांच्या चिमुकल्या बोटांना चांगलं जमतं, म्हणून शाळेत यायच्या आधी पोरं आईजवळ बसून तेवढं करतात. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास येणार नाही तर काय गुलाबाचा येणार? श्रीपुरात उसाच्या वासाची पोरं, तिथं बोटाला तंबाखूचा वास आला म्हणजे पोरगं बिडी ओढतं हे सरळ आहे. सोलापुरात त्या वासाचा अर्थ एवढाच, की आई काम करते.

मी हे हिंदुराव सरांना तिथल्या तिथं सांगितलं. आमच्यातले जुने शिक्षक सगळे सोलापूरचे, एकेकाला हे तोंडपाठ, पण सगळे आभाळाकडे बघत उभे. तपासणी जवळ आली होती ना! सर म्हणाले, ‘म्हणजे बाई, व्यसन घरातूनच येतंय की. मग तर उपक्रम जास्तच गरजेचा आहे.’ कपाळ माझं! आणि त्या लेकरांच्या छातीवर टाचणीनं कागद लावले, ‘मी व्यसन सोडीन.’ पहिलीतल्या एका पोराला तर वाचताही येईना, तो बक्षीस मिळाल्यासारखा हसत घरी गेला.

त्या गल्लीतल्या आया भांडायला आल्या नाहीत. त्यांना तेवढी उसंत नसते आणि शाळेची भीतीही असते. त्यांनी मुकाट्यानं पोरं काढली आणि लांबच्या तेलुगू शाळेत घातली. एक पोरगी तेवढी राहिली, नागमणी. सातवीत, माझ्या वर्गातली. घरी तेलुगू बोलते, पण मराठी असं लिहिते की तुझं-माझं अक्षर तिच्यापुढे कोंबडीचे पाय. तिला मराठी शाळेतच राहायचं होतं, कारण तिला माझ्यासारखी बाई व्हायचंय. हे ती मला पाचवीत असताना सांगून बसली होती आणि मग लाजून आठवडाभर माझ्यासमोर आलीच नव्हती. आता गंमत बघ. गंमत म्हणते, पण रडायला येतं. अक्षर चांगलं म्हणून तुझा दुसरा उपक्रम तिच्याच गळ्यात होता. ‘तंबाखू हे विष आहे’ असं फळ्यावर टपोऱ्या अक्षरात लिहायचं नागमणीनं, आणि खडू खाली ठेवून जाऊन उभं राहायचं लिंबाखाली, व्यसनी म्हणून. तेच हात, तीच बोटं. रोज!

आणि तो रामहरी! तुला म्हणून सांगते, साऱ्या शाळेत खरी बिडी ओढणारं कुणी असेल तर तो आणि त्याचे दोघे दोस्त. पाण्याच्या टाकीमागे ओढतात. मी स्वतः धूर बघितलाय. पण त्याचे हात कोण हुंगणार? हुंगणारा तोच. वर लहान पोरांना धमकावायचा, डब्यातली चटणी दे, नाहीतर तुझा हात वास मारतोय म्हणून सांगीन. पोरं घाबरून देऊन टाकायची. ज्या दांडगाईला आळा घालायला तू पहिला उपक्रम लिहिलास, त्या दांडगाईला आम्ही शाळेचा बिल्ला लावून दिला. मी सरांना सुचवलं, हे हुंगणं बंद करा, त्यापेक्षा मधल्या सुट्टीत मुलांनी रोज नव्या सोबत्याशेजारी बसून डबा खावा एवढंच ठेवा, निम्मी चिडवाचिडवी आपोआप थांबेल. ते म्हणाले, ‘कितवा उपक्रम हा? पुस्तिकेत दाखवा.’ आणि मी टाकीमागचा धूर सांगितला तर म्हणाले, ‘रामहरी? त्याचे वडील शाळा समितीवर आहेत.’ एवढं बोलून सर घंटा झाली का ते बघायला उठले.

नागमणीला पोरं नावानं हाक मारीनाशी झाली. ‘ए बिडी’ म्हणायची. डबा खायला शेजारी कुणी बसेना. बाकावर काडेपेटीतल्या जळक्या काड्या ठेवायची. पोरीनं हात लपवायला सुरुवात केली. काखेत घालून बसायची. मी उत्तर विचारलं की उभी राहायची, सगळं बरोबर सांगायची, आणि हात मात्र पाठीमागे. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत रामहरीनं आणि त्याच्या दोस्तांनी तिला टाकीपाशी गाठलं, बिडी पेटवून तिच्या तोंडात कोंबली आणि ‘ओढून दाखव’ म्हणून हात धरून ठेवले. तिचा ओठ भाजला. मी धावत गेले आणि रामहरीच्या कानाखाली अशी सणसणीत लगावली की माझाच हात दुखला. त्याचा मला अजिबात पस्तावा नाही, सांगून ठेवते. तर मला मेमो! का, तर दांडगाई प्रतिबंधाचा कार्यक्रम चालू असताना शिक्षिकेनं विद्यार्थ्याला मारलं. आणि सरांनी काढलेला निष्कर्ष काय, तर मुलीच्या तोंडात बिडी सापडली. फुला, त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

तपासणी झाली. साहेब आले, फळ्यावरचं अक्षर बघून खूष झाले, लिंबाखालची रांग दाखवायला तेव्हा एकटी नागमणीच उरली होती, तर तीच दाखवली. अहवालात शाळेचं अभिनंदन झालं, की सोप्या उपक्रमातून व्यसनी विद्यार्थी शोधून काढले, आणि उदाहरण म्हणून तिचं नाव गेलं. तुझंही नाव आहे हो त्यात, मार्गदर्शक म्हणून. पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

दुसऱ्याच दिवशी तिची आई आली, काशम्मा. दारातच उभी राहिली, खुर्चीवर बसेना. ती म्हणाली, ‘बाई, आमी बिडी करतो, पीत न्हाय की. राखेनं घासलं, रिठ्यानं घासलं, रॉकेलनं पन घासलं पोरीचं हात. जातच न्हाय वास. आता काय, कातडं काढू का तिचं?’ आणि पदराआडून तिनं नागमणीचा हात ओढून मला दाखवला. बोटं चिरलेली, रक्त सुकलेलं. काशम्माला दाखला हवा होता. तेलुगू शाळेत घालते म्हणाली. मी स्वतः सरांकडे गेले. त्यांनी दाखला लिहिला, आणि वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिलं माहीत आहे? ‘तंबाखूची सवय आहे.’ मी भांडले, फुला. हात जोडले, टेबलावर आपटलेसुद्धा. आधीच्या पोरांच्या दाखल्यांवर ‘चांगली’ लिहिलंत ना, मग हिच्यावर का नाही? तर म्हणाले, ‘ती पोरं तपासणीच्या आधी गेली. हिचं नाव अहवालात गेलंय. वर एक आणि दाखल्यावर एक, असं कसं करू? मीच खोटा ठरेन.’ तेलुगू शाळेनं तो दाखला वाचला आणि हातात परत दिला. आणखी एका शाळेत मी सोबत गेले. तिथंही तेच.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. काशम्माच्या सुपाशेजारी एक दुसरं सूप ठेवलेलं होतं, कोरं, नागमणीच्या मापाचं. पुढच्या आठवड्यापासून ती पूर्ण वेळ बसणार बिड्या वळायला. काशम्माला दोष देऊ नकोस, पोरीनं घरात रिकामं बसून काय करायचं? पण तूच सांग मला, मुलांनी बिडीला हात लावू नये म्हणून आम्ही मोहीम काढली, आणि त्या मोहिमेनं शाळेतली सगळ्यात चांगली पोरगी उचलून जन्मभरासाठी बिडीपुढे नेऊन बसवली. याला काय म्हणायचं? हे छापशील तुझ्या एका पानात?

तू म्हणशील, मी वाईट काय लिहिलं होतं. वाईट काहीच नाही गं. मी गेल्या हंगामात श्रीपूरला आले होते तेव्हा तुझा तिसरा उपक्रम डोळ्यांनी बघितलाय. ऊसतोडीवाल्यांच्या गाड्यांआड बिड्या ओढणारी ती दोन पोरं तू वासावरून ओळखलीस, पण कुणाला कळूही दिलं नाहीस. शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन वाफ्यात पाणी द्यायला गेलीस, आणि परत आलीस तेव्हा ती पोरं तुझ्या मागे मागे, बाई हे लावू का, बाई ते आणू का. तो वास तू स्वतः घेत होतीस, आणि घेऊन गप्प बसत होतीस. पुस्तिकेत यातलं काही नाही. पुस्तिकेत फक्त ‘बोटांचा वास घ्यावा’ एवढंच आहे. तू स्वतःला वगळून उरलेलं छापलंस, आणि ते उरलेलं आमच्या हिंदुराव सरांच्या हाती पडलं. माझा निम्मा राग आहे तो हा. नव्या आवृत्तीत माझं पान नको. तू तुझ्या सहीनं जिल्ह्याला कळव, की तिसरा उपक्रम काढून टाकत आहे. तुझं ऐकतील. माझं कुणी ऐकत नाही, माझ्यावर मेमो आहे.

आता शेवटचं. हे पाकीट हातात घेताना तुझ्या लक्षात आलं असेल, की त्यावर तिकीट नाही. मी ते पोस्टात टाकलेलंच नाही. नागमणीचा मामा तुमच्या कारखान्यात कामाला आहे, आणि मामीला लेकरू झाल्यामुळे पोरीला तिथं ठेवायला काशम्मा कशीबशी तयार झाली, तीही एका अटीवर, की शाळेनं घेतलं तर ठीक, नाहीतर मामानं पुढच्या एस.टी.नं परत आणून सोडायची. सूप तिनं उचलून ठेवलेलं नाही. तुला हे पत्र देऊन जी मुलगी दारात उभी आहे, तीच नागमणी. एवढं लांबलचक वाचेपर्यंत तिला बस तरी म्हणाली असशील. तिच्या पिशवीत तुझ्यासाठी शेंगाची चटणी आहे आणि तो दाखलाही आहे. दाखला आधी वाचू नकोस. तिला फळ्यावर चार ओळी लिहायला सांग, मग वाच, आणि मग मुख्याध्यापिका म्हणून काय ते तूच ठरव. अध्यापिका विद्यालयात पहिल्याच थंडीत त्या शहरी पोरींनी नाकाला पदर लावून तुझी खाट व्हरांड्यात काढली होती, आठवतं? तुझ्या आईनं सूत काढलेल्या घोंगड्याला मेंढरांचा वास येतो म्हणून. मी म्हटलं, आपण धुऊ या. तू ते घोंगडं तोंडावर ओढून घेतलंस आणि आतून म्हणालीस, ‘न्हाय धुनार. आयचा वास हाय ह्यो.’ ही पोर हात पाठीमागे लपवून उभी असेल, फुला. तिला ‘हात पुढे कर’ म्हणू नकोस. तूच उठून जा तिच्यापाशी आणि तिचे हात तुझ्या हातात घे. वास येईल. तुला तो ओळखू येईल.

तुझ्यावर रागावलेली, आणि दुसऱ्या कुणाकडे पाठवावं असं न सुचलेली,
तुझीच,
गिरिजा